ल्युकेमियाच्या उपचारांदरम्यान मुलीच्या फुफ्फुसात बुरशीचा संसर्ग : औषधाची निवड, केमोचा विराम आणि घरची काळजी

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या सात वर्षांच्या मुलीला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (रक्ताचा एक कर्करोग) असल्याचे पावसाळ्याच्या तोंडावर निदान झाले आणि सध्या तिचा इंडक्शनचा, म्हणजे केमोचा पहिला टप्पा पुण्यातील एका रुग्णालयात सुरू आहे. या टप्प्याच्या उत्तरार्धात तिचे काउंट (रक्तातील पेशींची संख्या) अगदी खाली गेले, ताप आला, आणि शिरेतून भारी प्रतिजैविके देऊनही तो चार दिवसांत उतरला नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच वाढले नाही. त्यानंतर छातीचा सीटी स्कॅन केला, त्यात उजव्या फुफ्फुसात गाठीसारखे डाग दिसले. रक्तातील गॅलॅक्टोमॅननची, म्हणजे बुरशीच्या खुणेची, तपासणी निगेटिव्ह आहे. तरीही बुरशीचा संसर्ग असावा असे धरून डॉक्टरांनी लायपोसोमल अँफोटेरिसिनची इंजेक्शने सुरू केली आहेत आणि या आठवड्याचे व्हिन्क्रिस्टिन (केमोतील एक औषध) पुढे ढकलले आहे.

डॉक्टर आमच्याशी बोलतात, परंतु वॉर्डातील गर्दीत सगळे विचारता येत नाही, आणि विचारलेले त्या क्षणी समजतेच असेही नाही. तपासणी निगेटिव्ह असताना इतके तीव्र औषध देणे योग्य आहे का, ही माझी पहिली शंका आहे. माझ्या मेहुण्यांचे औषधांचे दुकान आहे; बुरशीवर व्होरिकोनाझोलच्या गोळ्या मिळतात, त्या स्वस्त पडतात आणि सलाईन लावावे लागत नाही, असे ते सांगतात. मग त्या का दिल्या जात नाहीत? केमो थांबल्यामुळे मूळ आजार पुन्हा डोके वर काढील का? शिवाय आमचे घर जुने आहे, पावसाळ्यात मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. तिच्या आजीला वाटते की हे दुखणे त्या भिंतीतूनच आले. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने आमच्या ओळखीतील एका गृहस्थांचा डोळा काढावा लागला होता, त्यामुळे 'बुरशी' हा शब्द ऐकल्यापासून घरात कोणी धड जेवलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बालरक्तविकार (उत्तर)

मी लहान मुलांच्या रक्तविकारांचा डॉक्टर आहे. आपल्या मुलीचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे निर्णय तिच्या डॉक्टरांचाच राहील; मात्र त्यांनी जे केले आहे त्यामागचे तर्कशास्त्र मी सविस्तर सांगू शकतो, आणि आपण वर्णन केलेल्या परिस्थितीत मीही बहुधा हेच केले असते.

सर्वप्रथम आजींच्या मनातील सल दूर करू या. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. आपण सगळे ते रोज श्वासातून आत घेतो आणि आपली फुफ्फुसे ते रोज निकामी करतात. हे काम फुफ्फुसातील भक्षक पेशी आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. केमोमुळे न्यूट्रोफिलची संख्या एका मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेली आणि दहा दिवसांहून अधिक काळ तिथेच राहिली, की हा पहारा उठतो. त्यात इंडक्शनमध्ये मोठ्या मात्रेत स्टेरॉइड द्यावेच लागते, आणि ते उरलेल्या पेशींनाही मंद करते. स्टेरॉइड आणि अ‍ॅस्पॅरॅजिनेज (हेही केमोतील एक औषध) या दोन्हींमुळे रक्तातील साखर वाढू शकते, ती म्युकर गटातील बुरशीला, म्हणजे 'काळ्या बुरशीला', पोषक ठरते. २०२१ मध्ये कोविडच्या रुग्णांत मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने हेच घडले होते. तेव्हा ओल्या भिंतीची दुरुस्ती जरूर करावी, पण मुलीला हा संसर्ग कोणत्या हवेतून झाला हे आज कोणीही सांगू शकत नाही, आणि त्याचा दोष घरातील कोणी स्वतःकडे घेऊ नये.

आता निगेटिव्ह तपासणीविषयी. काउंट पडलेल्या मुलाचा ताप योग्य प्रतिजैविके देऊनही ९६ तासांत हटला नाही, तर बुरशीचा शोध सुरू करायचा आणि धोका जास्त असलेल्या मुलांत पुरावा हाती येण्याची वाट न पाहता औषध द्यायचे, ही जगभर मान्य झालेली पद्धत आहे. याचे कारण असे की बुरशी रक्ताच्या कल्चरमध्ये क्वचितच सापडते. अ‍ॅस्परजिलस तर जवळजवळ कधीच नाही. गॅलॅक्टोमॅनन हा त्या बुरशीच्या भिंतीतील घटक आहे. तो रक्तात सापडला तर संशय बळावतो, पण सापडला नाही म्हणून बुरशी नाही असे ठरत नाही, आणि म्युकरमध्ये तर ही तपासणी निगेटिव्हच येते. मोठ्या माणसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठीभोवती जे धूसर वलय दिसते, ते मुलांमध्ये अनेकदा दिसत नाही. म्हणूनच या संसर्गाचे निदान सिद्ध, संभाव्य आणि शक्य अशा तीन पायऱ्यांवर मांडतात. बहुतेक मुलांवर उपचार सुरू होतात ते तिसऱ्या किंवा दुसऱ्या पायरीवर असताना, कारण पहिल्या पायरीची वाट पाहणे मुलाला परवडत नाही.

मेहुण्यांच्या प्रश्नाकडे मी मुद्दाम अधिक लक्ष देतो, कारण हा या संपूर्ण विषयातील सर्वांत धोकादायक कोपरा आहे. व्होरिकोनाझोल हे उत्तम औषध आहे. पण आपल्या मुलीच्या केमोत व्हिन्क्रिस्टिन आहे, आणि व्हिन्क्रिस्टिनचे विघटन यकृतातील ज्या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) होते त्यालाच व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल आणि पोसाकोनाझोल ही अझोल गटातील औषधे रोखून धरतात. परिणामी व्हिन्क्रिस्टिन शरीरात साचते आणि नसांवर आघात करते: जबड्यात वेदना, तीव्र बद्धकोष्ठ, आतड्यांची हालचाल पूर्ण थांबणे, पाऊल उचलता न येणे, रक्तातील सोडियम घसरणे आणि त्यातून झटके येणे. हे सर्व योग्य मात्रेत दिलेल्या व्हिन्क्रिस्टिननेही घडू शकते, कारण दोष मात्रेत नसून जोडीत असतो. गोळी स्वस्त आहे आणि घरी देता येते हे खरेच. परंतु मुलांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अशी एकही गोळी तिच्या पोटात जाऊ देऊ नये.

लायपोसोमल अँफोटेरिसिनचा उपद्रव प्रामुख्याने मूत्रपिंडांना होतो. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातात, म्हणून रक्ताच्या तपासण्या वरचेवर होतील. त्यांना कंटाळू नये. लघवी कमी झाली, पाय गळून गेल्यासारखे वाटले किंवा छातीत धडधड झाली, तर परिचारिकांना लगेच सांगावे.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढच्या सीटी स्कॅनच्या वेळी धीर सुटणार नाही. उपचार लागू पडत असतानाही पहिल्या सात ते दहा दिवसांत फुफ्फुसातील डाग आकाराने वाढलेले दिसू शकतात, विशेषतः काउंट परत येऊ लागल्यावर. पांढऱ्या पेशी त्या जागी पोहोचून काम करू लागल्याची ती खूण असू शकते. मात्र त्याच काळात खोकल्यातून रक्त आले, तर ते थोडेसे असले तरी तातडीची बाब समजावी.

सूक्ष्मदर्शी (उत्तर)

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. वरील उत्तराला दोन गोष्टी जोडते.

डॉक्टर आता ब्राँकोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) करून फुफ्फुस धुतलेल्या द्रवाचा नमुना किंवा सुईने गाठीचा तुकडा घेण्याविषयी विचारतील. काउंट आणि प्लेटलेट साथ देत असतील तर त्याला नकार देऊ नये, कारण कोणती बुरशी आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. सूक्ष्मदर्शकाखाली अ‍ॅस्परजिलसचे तंतू बारीक, आडवे पडदे असलेले आणि लघुकोनात फाटे फुटणारे दिसतात; म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले असतात. हा फरक अनुभवी नजरेला त्याच दिवशी कळू शकतो. व्होरिकोनाझोल म्युकरवर काम करत नाही, अँफोटेरिसिन दोन्हींवर करते. नाव कळेपर्यंत अँफोटेरिसिन चालू ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. (हे औषध स्वतः मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालेले आहे, १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत तो सापडला. सत्तर वर्षांनंतरही त्याच्यावाचून आमचे चालत नाही.)

दुसरी गोष्ट नमुन्याच्या वाटचालीची. आपल्याकडे अनेक ठिकाणी नमुन्याची बाटली नातेवाइकांच्या हाती देऊन बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवतात. तुकडा संपूर्णपणे फॉर्मलिनमध्ये टाकलेला असेल, तर त्यातील बुरशी मरते आणि कल्चर करताच येत नाही. म्हणून एक भाग फॉर्मलिनमध्ये आणि एक भाग निर्जंतुक सलाईनमध्ये आहे ना, हे बाटली हातात घेतानाच विचारून घ्यावे. सोबतच्या चिठ्ठीवर 'ल्युकेमिया, न्यूट्रोफिल कमी, बुरशीचा संशय' असे स्पष्ट लिहिलेले असावे, कारण म्युकरचे तंतू नाजूक असतात आणि आधी कल्पना असेल तर आम्ही तो तुकडा कुटत नाही, बारीक कापून पेरतो. नमुना फ्रिजमध्ये ठेवू नये आणि रात्रभर घरी तर मुळीच ठेवू नये.

काळ्या बुरशीविषयी एवढेच सांगते की म्युकर ही बुरशी मुळात काळी नसते. ती रक्तवाहिन्या बंद पाडते आणि रक्त न मिळाल्याने मृत झालेला भाग काळा दिसतो. नाकातून काळपट स्राव, गालावर किंवा डोळ्याभोवती सूज, टाळूवर काळा डाग, एका बाजूचे तीव्र दुखणे यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना तत्काळ दाखवावे. आपण लिहिलेल्या वर्णनात यांपैकी काहीही नाही.

निळी छत्री (उत्तर)

दादा, माझ्या मुलाला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे ल्युकेमियाचा दुसरा प्रकार, होता. त्याचे उपचार पूर्ण झाले आहेत आणि तो शाळेत जातो, हे आधी सांगते. त्याला सुरुवातीपासून बुरशीविरोधी प्रतिबंधक औषध शिरेतून मिळत होते, तरीही एका फेरीत कॅथेटरमार्फत (औषधे देण्यासाठी शिरेत बसवलेल्या नळीमार्फत) कँडिडा या बुरशीचा संसर्ग झाला. नळी काढावी लागली, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली, आणि कल्चर स्वच्छ आल्यानंतरही पूर्ण दोन आठवडे इंजेक्शने चालली. ताप गेला की औषध बंद करावेसे वाटते, पण ते करायचे नसते, एवढे त्या वेळी शिकले.

घरी आल्यावर आम्ही जे पाळले ते लिहिते. ओल आलेल्या खोलीत मुलीला झोपवू नये आणि भिंत खरवडण्याचे किंवा रंगवण्याचे काम ती घरात असताना काढू नये. खरवडताना जे उडते ते भिंतीवर असलेल्या बुरशीहून अधिक घातक असते. कोरड्या झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. शेजारी बांधकाम चालू असेल तर त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात आणि रुग्णालयात जाताना धुळीतून जावे लागले तर मास्क लावावा. गोठा, कडब्याची गंजी, शेणखत, धान्याची जुनी कणगी, कुंड्यांमधील माती, निर्माल्याची टोपली यांपासून तिला दूर ठेवावे. साठवणीतल्या शेंगदाण्यांना, डाळींना किंवा लोणच्याला बुरशी आली असेल, तर वरचा थर काढून उरलेले वापरण्याची आपली सवय तिच्यासाठी सोडावी. अन्न ताजे, नीट शिजवलेले, पाणी उकळलेले, एवढे पुरे; उगाच सगळी फळे बंद करून मुलाला उपाशी ठेवण्याचा उपयोग नसतो, नीट धुऊन साल काढलेली फळे आमच्या डॉक्टरांनी चालू ठेवली होती.

आणि गावाकडून येणारी चूर्णे, काढे आणि अंगारा कितीही प्रेमाने आणलेले असोत, तोंडात किंवा नळीच्या जागेजवळ जाऊ देऊ नयेत. वाळवलेल्या वनस्पतींच्या पुडीत बुरशीचे बीजाणू असू शकतात. आजींना हे सांगणे कठीण जाते, म्हणून मी डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर बोलायला सांगितले होते.

खर्चाविषयी: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली रुग्णालय येत असेल, तर तिथे आरोग्यमित्र (योजनेची मदत करणारे कर्मचारी) बसतात. बुरशीविरोधी इंजेक्शने मंजूर पॅकेजमध्ये मोडतात की वेगळी मंजुरी घ्यावी लागते, हे त्यांना आणि समाजसेवा विभागाला आजच विचारा. इंजेक्शनांचे बिल साचल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते सोपे पडते. राहण्याची अडचण असेल तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था कर्करोगाच्या बालरुग्णांची आणि पालकांची निवासाची सोय विनामूल्य करते. रुग्णालयाच्या शिफारशीने तिथे जागा मिळते.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आजीला पहिले उत्तर मोठ्याने वाचून दाखवले. ब्राँकोस्कोपी झाली, द्रवातील गॅलॅक्टोमॅनन पॉझिटिव्ह आले आणि पडदे असलेले बारीक तंतू दिसले, म्हणजे अ‍ॅस्परजिलस असावा असे डॉक्टर म्हणाले. ताप उतरू लागला आहे. आता दोन गोष्टी मनात आहेत. निळी छत्री ताईंच्या मुलाला प्रतिबंधक औषध मिळाले, मग माझ्या मुलीला ते आधीच का दिले गेले नाही? आणि फुफ्फुस पूर्ण स्वच्छ होईपर्यंत केमो थांबणार का?

बालरक्तविकार

तंतू आणि गॅलॅक्टोमॅनन दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत आहेत, ही उपचारांच्या दृष्टीने मोठी मदत आहे.

प्रतिबंधक औषधाचा प्रश्न रास्त आहे. मायलॉइड ल्युकेमियात प्रत्येक फेरीनंतर न्यूट्रोफिल आठवडेच्या आठवडे नाहीसे होतात, त्यामुळे तिथे हे औषध देण्याची शिफारस स्पष्ट आहे. अशा ५१७ मुलांचा आणि तरुणांचा सहभाग असलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅस्पोफंजिन आणि फ्लुकोनाझोल या दोन बुरशीविरोधी औषधांची तुलना झाली. पाच महिन्यांत आक्रमक बुरशी संसर्गाचे प्रमाण कॅस्पोफंजिनच्या गटात ३.१ टक्के, तर फ्लुकोनाझोलच्या गटात ७.२ टक्के आढळले. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात चित्र निराळे आहे. कमी जोखमीच्या मुलांत हा संसर्ग विरळा असतो, सर्वांना औषध दिले तर लाभ थोड्यांना आणि त्रास व खर्च सर्वांना होतो, आणि तोंडाने घेण्याजोगी जी औषधे फुफ्फुसातल्या बुरशीवर चालतात तीच व्हिन्क्रिस्टिनशी भांडतात. म्हणून कमी जोखमीच्या मुलांत ते सरसकट देत नाहीत. जास्त जोखमीच्या किंवा आजार उलटलेल्या मुलांत विचार करतात. आपल्या मुलीच्या बाबतीत आता मात्र गणित बदलले आहे. पुढे ज्या ज्या टप्प्यात तिचे काउंट पडतील, त्या प्रत्येक टप्प्यात तिला बुरशीविरोधी संरक्षण लागेल, आणि ते कोणते असेल हे टप्पा सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

केमोविषयी. आम्ही फुफ्फुस आरशासारखे स्वच्छ होण्याची वाट पाहत नाही. ताप गेला, श्वास सुरळीत आहे, डाग वाढत नाहीत, एवढे झाले की केमो टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करण्याचा विचार होतो आणि बुरशीचे औषध त्याच्या जोडीने चालू राहते. थोड्या विरामाची भरपाई सहसा करता येते. विराम लांबत गेला तर ल्युकेमिया परतण्याची भीती वाढते. ल्युकेमिया आटोक्यात आल्याशिवाय निरोगी न्यूट्रोफिल परत येत नाहीत, आणि ते परत आल्याशिवाय बुरशी पुरती हटत नाही, त्यामुळे दोन्ही उपचार एकमेकांच्या आधारानेच पुढे न्यावे लागतात.

अ‍ॅस्परजिलसवर किमान सहा ते बारा आठवडे उपचार चालतात आणि ते सीटी स्कॅन पाहून लांबवले जातात. व्हिन्क्रिस्टिनचे आठवडे संपल्यावर डॉक्टर कदाचित व्होरिकोनाझोलकडे वळतील. मोठ्या माणसांपेक्षा मुलांचे शरीर हे औषध भराभर संपवते, म्हणून वजनाच्या मानाने मात्रा मोठी लागते आणि रक्तातील पातळी मोजावी लागते. ती साधारण १ ते ५ मिलिग्रॅम प्रति लिटर या दरम्यान असावी असे पाहतात. ही तपासणी प्रत्येक ठिकाणी होत नाही, नमुना कुठे पाठवणार हे आधी विचारावे. त्या काळात तिला कडक उन्हात नेऊ नये, आणि नजर धूसर झाल्याचे किंवा डोळे पिवळे झाल्याचे दिसल्यास कळवावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस द्यावयाचे कोट्रायमॉक्साझोल सुरू असेल, तर तेही चुकवू नये. ते न्यूमोसिस्टिस नावाच्या, फुफ्फुसाला ग्रासणाऱ्या आणखी एका बुरशीपासून तिला राखते.

शेवटी, घरी पाठवताना तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'व्हिन्क्रिस्टिन चालू आहे, अझोल गटातील औषध विचारल्याशिवाय देऊ नये' असे लिहून घ्यावे. आपल्याकडे गजकर्णासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल अगदी सहज लिहून दिल्या जातात, आणि मांडीवर चकंदळ उठले म्हणून गावातल्या दवाखान्यात नेलेल्या मुलाला त्या मिळाल्याचे मी पाहिले आहे. ताप मोजण्यापूर्वी पॅरासिटामॉल देऊ नये, एकदा ३८.३ अंश सेल्सिअस किंवा तासभर ३८ अंश ताप राहिला, तर रात्र असो वा सण, थेट रुग्णालय गाठावे आणि दारातच सांगावे की हिला यापूर्वी फुफ्फुसात बुरशीचा संसर्ग झालेला आहे.